डावं-उजवं

परदेशातली नोकरी दोन तऱ्हांनी मिळते. एक म्हणजे ती खरोखरच मिळते आणि माणूस जातो. दुसरी म्हणजे ती मिळण्याची नुसती कुणकुण लागते, आणि माणूस जायच्या आत त्याचे नातेवाईक मनाने तिकडे जाऊन, चार दिवस राहून, खजूर घेऊन परतसुद्धा येतात. माझं हे दुसऱ्या तऱ्हेने झालं. आखातातल्या एका बड्या विमान कंपनीचं पत्र मला मंगळवारी आलं. बुधवारी सकाळी दूधवाल्याने विचारलं, "साहेब, मग एक पिशवी कमी करू का?"

मी वैमानिक आहे. इथल्याच एका कंपनीत कॅप्टन. एकशेऐंशी माणसं बसतील असं, मधोमध एकच बोळ असलेलं विमान मी चालवतो. 'चालवतो' हे क्रियापद आमच्या नानांचं. नाना, म्हणजे माझे वडील, मध्य रेल्वेत मोटरमन होते. त्यांच्या मते वाहन हे चालवायचंच असतं. उडवायचे ते पतंग आणि बापाचे पैसे. यातली दुसरी गोष्ट मी शिकत असताना भरपूर केलेली असल्यामुळे या व्याख्येला मी कधी हरकत घेतलेली नाही. दोनशे तास उड्डाण झाल्याशिवाय धंदेवाईक वैमानिकाचा परवाना मिळत नाही आणि त्यातला एकेक तास मीटर टाकून मोजला जातो. रिक्षाचं मीटर त्यापुढे साधुसंत. नानांचा निम्मा प्रॉव्हिडंट फंड त्या दोनशे तासांत ढगात गेला. त्याचा त्यांनी आजवर एकदाही उल्लेख केलेला नाही, आणि उल्लेख न करण्याची त्यांची पद्धत अशी आहे की तो रोज ऐकू येतो.

पत्र मात्र फर्मास होतं. पगाराचा आकडा वाचताना मी वाचायचा चष्मा दोनदा पुसला. त्यावर तिकडे आयकर नाही. राहायला घर, मुलाच्या शाळेची फी, वर्षाला बेचाळीस दिवस रजा. विमान दोन बोळांचं, साडेतीनशे माणसांचं, एका दमात चौदा-चौदा तास जाणारं. आणि या सगळ्याच्या खाली, लग्नाच्या पत्रिकेत आहेराबद्दलची ओळ असते तशी, एक ओळ : पद – फर्स्ट ऑफिसर.

इथे जरा डावं-उजवं समजावून सांगितलं पाहिजे. विमानात पुढे दोन खुर्च्या असतात. डावीकडच्या खुर्चीत कॅप्टन बसतो, उजवीकडच्या खुर्चीत को-पायलट. त्यालाच आता फर्स्ट ऑफिसर म्हणतात. दोघंही विमान चालवू शकतात, चालवतातही. पण काही बरंवाईट झालं तर चौकशीत पहिला प्रश्न डावीकडच्याला. (आमच्याकडे सत्यनारायणाला सौ. माझ्या उजवीकडे बसते. म्हणून ती घरातली को-पायलट आहे असं कोणी तिच्यासमोर म्हणून दाखवावं.) उजवीकडून डावीकडे सरकायला, म्हणजे जेमतेम चार फूट अंतर कापायला, मला नऊ वर्षं लागली होती. आणि आता हे लोक मला पुन्हा उजवीकडे बसा म्हणत होते.

यात अपमान कोणाचाच नाही, ही आमच्या धंद्याची रीतच आहे. डॉक्टर एका इस्पितळातून दुसऱ्यात गेला तर त्याची वीस वर्षं त्याच्याबरोबर जातात. वैमानिकाचे उड्डाणाचे तास बरोबर जातात, पण ज्येष्ठता जात नाही. ती कंपनीबरोबर जन्मते आणि कंपनीबरोबरच संपते. नव्या कंपनीत पाऊल टाकलं की तुम्ही यादीत शेवटचे. दिवाळीची रजा कोणाला, चांगले मार्ग कोणाला, डावी खुर्ची कधी, हे सगळं त्या यादीवर चालतं. नव्या सुनेसारखं आहे हे. माहेरी तिने संबंध घर सांभाळलेलं असतं, पण सासरी दूध कुठल्या पातेल्यात तापवायचं हे तिला विचारूनच करावं लागतं. ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशर थांबली आणि एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज, तेव्हा पिकल्या केसांचे कितीतरी कॅप्टन असे पुन्हा नव्याने सासरी गेले. पण त्यांचं माहेरच उठलं होतं. माझं शाबूत होतं. शाबूत माहेर सोडून जावं का, एवढाच प्रश्न होता.

एवढाच म्हणतोय, पण त्या एवढ्याशा प्रश्नाला पंधरा दिवसांची मुदत होती, आणि कल्याणच्या आमच्या सोसायटीत मतं होती बेचाळीस.

दुसऱ्या मजल्यावरचे काका आधी राज्य सरकारच्या हिशेब खात्यात होते. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की वैमानिकाला वर्षाला एक हजार तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. ही गोष्ट खरी आहे. काकांनी लिफ्टमध्येच हजाराला तीनशे पासष्टने भागलं. "म्हणजे दिवसाला पावणेतीन तास! अरे, एवढा वेळ तर आम्ही चहाला घ्यायचो!" आता त्यांना काय सांगणार, की ते तास विमान जागचं हललं की सुरू होतात आणि पुन्हा जागेवर उभं राहिलं की बंद होतात. त्याच्या आधीचा तासभर, मधल्या थांब्यांवरची वाट, हैदराबादच्या हॉटेलातली रात्र, हे काही त्यात धरत नाहीत. आणि कल्याणहून सांताक्रूझला पोचायला जो वेळ लागतो त्यात मी गोव्याला दोनदा जाऊन येतो. काका म्हणाले, "तिकडे गेलास तर पावणेतीनाचे किती होतील?" मी म्हटलं, तेवढेच. "मग पैसे जास्त कशाचे?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. पुढे ते मिळालं, पण काकांकडून नव्हे.

आत्याचं तर मत वगैरे भानगडच नव्हती, तिने बॅग काढली होती. विमान कंपनीच्या माणसाच्या नातेवाइकांना फुकट फिरायला मिळतं, अशी एक भाबडी श्रद्धा महाराष्ट्रात घट्ट आहे. वस्तुस्थिती अशी की ते तिकीट रिकाम्या जागेचं असतं. जागा उरली तर बसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. हे मी आत्याला समजावल्यावर ती म्हणाली, "म्हणजे एस.टी.सारखंच की. आपण रुमाल टाकू." या आत्याचं माझ्या धंद्यावर आधीपासूनच लक्ष आहे. आमची उड्डाणाआधी श्वासाची तपासणी होते आणि तोंडात अल्कोहोलचा मागमूसही चालत नाही. 2023 पासून तर अल्कोहोल असलेल्या माउथवॉशलाही नियमात बंदी आहे. आत्या मात्र खोकल्यावर द्राक्षासव आणि थकव्यावर दशमूलारिष्ट घेऊन वर्षानुवर्षं माझ्या मागे लागलेली. आसवं आणि अरिष्टं मुळी आंबवूनच करतात, त्यात अल्कोहोल तयार होतं, हे सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "तरीच तुझे काका रोज न चुकता घ्यायचे."

दरम्यान मी तिकडे जाऊन परीक्षाही देऊन आलो होतो, पत्र त्यानंतरचं. परीक्षेत सिम्युलेटर होतं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर खुराड्यासारखी एक खोली, तिच्यात बसवून तुमचं एक इंजिन बंद पाडतात आणि चेहरा बघतात. ते ठीक गेलं. अवघड होतं ते दुसरंच. आम्हा सहाजणांना एका टेबलाभोवती बसवून एक प्रश्न दिला, आणि सगळ्यांनी मिळून वीस मिनिटांत एकमताने उत्तर काढा म्हणाले. कोपऱ्यात एक बाई वही घेऊन. आता गंमत अशी की सहाही कॅप्टन. सहाही जण वर्षानुवर्षं डावीकडे बसलेले, शेवटचा शब्द ज्यांचा असतो असे. पण वागणुकीला गुण आहेत हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे वीस मिनिटं आम्ही एकमेकांना "आधी आपण", "नाही नाही, आपण बोला" असं लखनौच्या नबाबांसारखं करत बसलो. उत्तर निघालं नाही. सगळे पास झालो.

मग लेखी प्रश्न, चारशेच्या घरात. 'तुम्हाला गर्दीत एकटं वाटतं का?' मी लिहिलं, नाही. साठ प्रश्नांनी पुन्हा तोच, जरा वेश बदलून. 'तुम्हाला एकटं असताना गर्दी हवीशी वाटते का?' कल्याण स्टेशनवर वाढलेल्या माणसाने याला काय उत्तर द्यावं?

इकडे एक नियम आहे, 2017 पासून. कॅप्टनला नोकरी सोडायची असेल तर एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. को-पायलटला सहा महिने पुरतात. लग्न ठरल्यानंतर मुलीने वर्षभर माहेरीच राहायचं आणि रोज सगळ्यांनी "तू काय बाई, जाणार" म्हणायचं, तसला प्रकार. मला वाटलं, आखातवाले काही थांबणार नाहीत आणि प्रश्न आपोआप सुटेल. पण त्यांना आमच्याकडच्या सुना नेण्याचा चांगलाच सराव होता. "हरकत नाही, वर्षाने या," असं त्यांनी कळवलं. तेव्हा पळवाट बंद झाली आणि आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशी बैठक बसली.

सौ. राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. तिने कागदाच्या मधोमध रेघ ओढली आणि दोन्ही बाजूंना आकडे मांडले. तिची नोकरी, तिचं पेन्शन, घराचं कर्ज किती वर्षांत फिटेल, सगळं. तिचं म्हणणं असं, की पैशाच्या बाजूने बघितलं तर प्रश्नच नाही; तू पुढे जा, याची दहावी झाली की आम्ही मागून येऊ. चिरंजीव नववीत. माझी वर्षाची नोटीस संपेल तेव्हा ते दहावीत असणार, आणि दहावीच्या मागे अकरावी-बारावी उभी असतेच. म्हणजे 'मागून येऊ' या गाडीला चांगला तीन वर्षांचा लेट. चिरंजीवांनी एकच प्रश्न विचारला, "तिकडच्या शाळेत मराठी कंपल्सरी नसतं ना?" आणि नाही असं कळल्यावर आपलं मत हात वर करून दिलं.

राहता राहिले नाना. नाना एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि कल्याण सोडून ते कुठेही जाणार नाहीत. एकदा मी हिशेब केला होता. दिवसाला दोनशे किलोमीटर, वर्षाचे अडीचशे दिवस, अशी तीस वर्षं. पंधरा लाख किलोमीटर होतात. पृथ्वीला सदतीस प्रदक्षिणा घालून हा माणूस कसाऱ्याच्या पलीकडे गेलेला नाही. माझ्या मनात खरा अडसर तो होता, आणि तो मी कोणाला बोलून दाखवत नव्हतो. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला सोडून जायचं कसं? मोठ्या विमानात लांबच्या पल्ल्याला चार वैमानिक असतात, दोघे पुढे आणि दोघे आळीपाळीने मागे बंकवर झोपलेले, हे मी सांगितलं तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "झोपायला आखातात कशाला जायचं?"

विमान धावपट्टीवर धावू लागलं की एक वेग येतो. त्याला आम्ही व्ही-वन म्हणतो. तिथवर काही बिघडलं तर ब्रेक दाबून थांबता येतं. व्ही-वन झाल्यावर इंजिन बंद पडलं तरी थांबायचं नाही, कारण पुढे थांबण्याइतकी धावपट्टीच उरलेली नसते. उडायचं, आणि काय ते वर गेल्यावर बघायचं. तोवर कॅप्टनचा हात इंजिनाच्या दांड्यांवर असतो. तो आकडा पुकारला की त्याने हात काढून घ्यायचा. दर उड्डाणाआधी वजन, वारा, तापमान, धावपट्टी सगळं बघून हा वेग काढून ठेवलेला असतो. घरात असा आकडा कोणी काढून देत नाही. आत्याचा व्ही-वन पत्र आलं त्याच संध्याकाळी झाला होता. सौ.चा कागदावर रेघ ओढताना झाला. चौदावा दिवस उजाडला तरी माझा हात आपला दांड्यांवरच.

त्या रात्री मी नानांना म्हटलं, "तुम्ही काहीच बोलत नाही."

"काय बोलू?"

"मी गेलो तर तुमच्याजवळ कोण?"

नाना उठले आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून एक वही घेऊन आले. लांबट, पुठ्ठ्याची, हिशेबाची वही. मी ती ओळखत होतो. ती आईची. नानांच्या ड्यूटीचं काही खरं नसायचं, म्हणून रात्री कोण जेवायला आहे आणि कोण नाही हे आई रोज त्या वहीत लिहायची. भाकऱ्या किती टाकायच्या ते ठरायला. असेल त्याच्या नावापुढे उभी रेघ, नसेल त्याला पूज्य. आई 2019 मध्ये गेली. वही तिच्याबरोबर बंद झाली असेल अशी माझी समजूत होती.

ती चालू होती. नानांच्या वळणदार, कंट्रोलला रिपोर्ट द्यावा तशा अक्षरात, आणि नाव माझं. "पोळ्यावाल्या बाईंना सांगावं लागतं," नाना म्हणाले. "गेल्या वर्षी तू एकशे एकाहत्तर रात्री घरी होतास. बेरीज शेवटच्या पानावर आहे."

मी बेरीज पाहिली. मग, आपण मोजलेलंच असावं असा चेहरा करून, पाठीमागच्या पानावर तिकडचा हिशेब मांडायला घेतला. बेचाळीस दिवसांची रजा. महिन्याला आठ सुट्या, त्यातल्या दोन जाण्यायेण्यात आणि रिकाम्या जागेची वाट बघण्यात, म्हणजे हाती सहा. सहा गुणिले अकरा, सहासष्ट. एकूण एकशे आठ.

नानांनी चष्मा कपाळावर चढवून वजाबाकी केली. "त्रेसष्ट," ते म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना जे विचारायचं होतं ते हे. पैसे जास्त कशाचे? त्रेसष्ट रात्रींचे. सौ.ने लगेच वाढीव रकमेला त्रेसष्टने भागलं आणि एका रात्रीचा भाव काढला. चांगला सणसणीत भाव होता. नाना तो आकडा बराच वेळ बघत राहिले.

"एवढे?" ते म्हणाले. "मग तू इथे झोपतोस हे मला परवडण्यासारखं नाही. जा तू."

सौ. हसली. मीही हसलो. नानांनी वहीची मागची पानं उलटली, पार जुनी, आईच्या अक्षरातली. तिथे नाव माझं नव्हतं. पूज्यांची रांग लागली होती. मधेच एखादी उभी रेघ, गाडी क्वचितच थांबते अशा स्टेशनासारखी. एका दिवाळीच्या आठवड्यात सलग सहा पूज्यं होती आणि सातव्या दिवशी रेघ, तीही मागाहून वेगळ्या शाईने काढलेली. "या दिवशी मी रात्री दीडला आलो होतो," नाना म्हणाले. "तिने भाकऱ्या केल्या नव्हत्या. मग उठून केल्या." एवढं बोलून त्यांनी वही मिटली आणि झोपायला गेले.

पंधराव्या दिवशी मी आखातवाल्यांना नकार कळवला. कारण द्या, असा फॉर्ममध्ये रकाना होता. त्यात 'घरगुती' लिहिलं. सौ.ने आपला रेघ ओढलेला कागद चार घड्या घालून कपाटात ठेवला, टाकला नाही. बँकेतली माणसं कागद टाकत नाहीत. त्या पैशात कर्ज फिटलं असतं हे तिला पाठ आहे आणि मलाही, त्यामुळे त्यावर आम्ही फारसं बोलत नाही. मी मात्र एक काम केलं. आमच्याच कंपनीत रात्रीचा मुक्काम नसलेल्या फेऱ्यांसाठी अर्ज टाकला. ज्येष्ठतेच्या यादीत माझा नंबर बरा आहे. माहेरपणाचा तेवढा एक फायदा.

सोसायटीत मात्र नकाराची बातमी निराळीच होऊन पोचली. परदेशची नोकरी माणूस आपण होऊन सोडतो, यावर विश्वास ठेवायला बेचाळीसपैकी एकही बिऱ्हाड तयार नव्हतं. मी दोनदा चष्मा पुसला होता हे चिरंजीवांनी खाली खेळताना कोणाला तरी सांगितलं असावं. शनिवारी काका लिफ्टमध्ये माझ्या डोळ्यांत खोलवर बघत म्हणाले, "मेडिकलला अडलं म्हणे? वाईट वाटून घेऊ नकोस. इथे चालतंय ना?" इथे चालतंय म्हणजे काय? इथेही तीच तपासणी असते, आणि वर्षाला असते. पण काकांनी तोवर चार बोटं वर करून "किती?" असं विचारलं होतं.

संध्याकाळी आत्या आली. बॅग नव्हती, हातात पिशवी होती. पिशवीत अडीच किलो गाजरं. "रोज दोन कच्ची खा," ती म्हणाली, "यात अल्कोहोल नाही, मी विचारून आले."

रात्री नानांनी त्यातली दोन गाजरं सोलून माझ्या ताटात वाढली, खिशातून पेन काढलं आणि वही पुढे ओढली.